तोतया खात्यांचे तंटे : कोर्टाबाहेरची वाट

'तोतया' हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु भाऊ खरोखरच गेले की कोठे निसटले, याविषयी लोकांच्या मनात शंका राहून गेली. त्या शंकेचा फायदा घेऊन एक मनुष्य 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात बंड माजविले, फौज जमविली आणि काही काळ पेशवाईला घाम फोडला. शेवटी तो पकडला गेला, पुण्यात चौकशी झाली आणि त्याला देहान्त शासन मिळाले. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर नाटक लिहिले, त्यामुळे हे नाव घराघरांत पोहोचले.

त्या तोतयाला फौज लागली, पैसा लागला आणि वर्षानुवर्षे भाऊंसारखे वागून दाखवावे लागले. आजच्या तोतयाला यातले काहीच लागत नाही. तुमचे एक छायाचित्र, तुमचे नाव आणि हातातला फोन, एवढे भांडवल त्याला पुरते. चहा निवायच्या आत तो तुमच्या नावाने खाते उघडतो आणि तुमच्या तोंडी हवे ते शब्द घालतो. अशा वेळी कोर्टाची पायरी न चढता काय करता येते, आणि काय करू नये, हे सांगण्याचा माझा हेतू आहे. मी वकील नाही. कामगार संघटनेच्या कामात जे तंटे मिटविले आणि जे मिटविता आले नाहीत, त्यांतून जो थोडा कायदा शिकलो तोच माझा आधार आहे. आणि या विषयावर बोलण्याचा अधिकार मला मिळाला तो एका चुकीमुळे. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी अकोल्यातील एका डाळ गिरणीत दिवाळीच्या बोनसची बोलणी चालू होती. आमच्या बोलणी समितीवर एक हमाल सभासद होते. वय पन्नाशीच्या पुढचे, मितभाषी, पोत्यांच्या हिशेबात चोख. एका सकाळी त्यांच्या नावाचे आणि छायाचित्राचे फेसबुक खाते निघाले. त्यावर मजकूर होता की, युनियनचे पुढारी मालकाकडून पैसे खाऊन बसले आहेत. दुपारपर्यंत त्या मजकुराची चित्रे प्रत्येक पाळीच्या व्हॉट्सॲप गटात फिरली. संध्याकाळी आम्ही कार्यकारिणीची तातडीची बैठक घेतली, त्यांना समितीतून काढण्याचा ठराव केला आणि तशी नोटीस फाटकावरच्या फळ्यावर लावली. नोटिशीखाली सही माझी होती. त्यांना बोलावून विचारावे, असे आम्हां अकरा जणांपैकी एकालाही सुचले नाही.

तिसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. खिशातून बटणांचा जुना फोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, नाव माह्यं हाय, फोटो माह्या हाय, पन म्या हे नाई केलं. ह्या फोनात हे होतं तरी का?"

होत नव्हते. त्या फोनात फेसबुक चालतच नव्हते. छायाचित्र तरी कोठून आले म्हणून शोधले, तर आमच्याच वार्षिक सभेच्या समूहचित्रातून कापून घेतलेले निघाले. ते समूहचित्र सर्वांसाठी आम्हीच चढविले होते.

पुढचे तीन आठवडे आम्ही ज्या धडपडीत काढले, त्यातून मला एक गोष्ट उमगली. तोतया खात्याचा तंटा हा एक तंटा नसतो, ते तीन तंटे असतात. पहिला प्रश्न, खोटे तोंड बंद कसे करायचे? दुसरा, डागाळलेले नाव धुवायचे कसे? तिसरा, हे करणाऱ्या माणसाचे काय करायचे? कोर्ट मुख्यतः तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि तेही सावकाश. पहिले दोन प्रश्न मात्र थांबू शकत नाहीत. कोर्टाबाहेरची वाट म्हणजे या तीन प्रश्नांची गाठ सोडवून ज्याचे त्याला नेमून देणे होय.

ही विभागणी कामगार चळवळीला नवी नाही. १९४७ साली औद्योगिक तंट्यांसाठी केंद्राचा कायदा झाला, आणि त्याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडचाही स्वतंत्र कायदा झाला. दोहोंमध्ये समेटाची पायरी ठेवलेली होती. संप चिघळून चुली विझू नयेत, म्हणून आधी समोरासमोर बसवावे, हा त्यामागचा विचार. बसल्यावर पहिला नियम असा की, दहा मागण्यांचे एक गाठोडे करायचे नाही; जी मागणी आज सुटते ती आज सोडवायची. तोच नियम येथे लावून पाहू.

पहिला प्रश्न खोटे तोंड बंद करण्याचा. याला पोलिसांची वाट पाहण्याचे कारण नाही. २०२१ साली केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नियम केले. त्यानुसार समाजमाध्यम चालविणाऱ्या प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे आणि त्याचा पत्ता जाहीर केला पाहिजे. दुसऱ्याचे सोंग घेतलेल्या मजकुराबद्दल, किंवा बनवाबनवी केलेल्या चित्राबद्दल, खुद्द त्या माणसाने किंवा त्याच्या वतीने कोणी तक्रार केली, तर तो मजकूर हटविण्यासाठी त्या नियमांत २४ तासांची मुदत घातली गेली. पुढे ती आणखी आखडण्यात आली. म्हणजे एका दिवसापेक्षा अधिक थांबण्याचे आपल्याला कारण नाही.

तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही किंवा चुकीचा निर्णय दिला, तर त्यावर अपील आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तक्रार अपील समित्या निर्माण झाल्या आणि १ मार्च २०२३ पासून त्या काम करू लागल्या. निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील करावे लागते. सारे काम संगणकावरून चालते. दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत.

आता आमची चूक ऐका. खाते खोटे आहे हे कळल्याबरोबर आमच्या पन्नासेक सभासदांनी फोनवरचे तक्रारीचे बटण दाबले. काहीच झाले नाही. मग एका शिकलेल्या पोराने सांगितले की, नुसती गर्दी करून उपयोग नाही; ज्याचे नाव चोरीला गेले आहे त्याच्या ओळखपत्रासह रीतसर अर्ज जायला हवा. तसा अर्ज गेला आणि खाते बंद झाले. घोषणा आणि अर्ज यांतला फरक मी कामगारांना वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि येथे मलाच तो शिकावा लागला.

अर्ज करण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. त्या खात्याच्या पानाचे, प्रत्येक मजकुराचे आणि मुख्यतः त्याच्या दुव्याचे चित्र घेऊन, तारीख-वेळ लिहून जपून ठेवावे. खात्यावरचे नाव क्षणात बदलता येते, परंतु दुव्यावरून ते खाते हुडकता येते. हटविलेला मजकूर कंपनीने १८० दिवस जपून ठेवावा असा नियम आहे. पण तो आपल्या हाती पडत नाही, पोलीस किंवा न्यायालय मागेल तेव्हाच मिळतो. पुढे प्रकरण न्यायालयात गेलेच, तर अशा पुराव्यासोबत २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून ज्या फोनवर चित्रे घेतली तो फोन पुसून टाकू नये.

व्यापाऱ्यांच्या आणि संस्थांच्या नावांबाबत तर कोर्टाबाहेरचा निवाडा जगभर रुळलेला आहे. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया आणि इकॉनॉमिक टाइम्स या पत्रांच्या नावांशी मिळतीजुळती संकेतस्थळाची नावे कोणीतरी अमेरिकेत नोंदवून ठेवली होती. जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे तक्रार गेली आणि मार्च २००० मध्ये पंचांनी दोन्ही नावे मुंबईच्या कंपनीकडे सोपविण्याचा निर्णय दिला. पक्षकारांना जिनिव्हाला जावे लागले नाही. निकाल कागदांवर झाला. तेथे तुरुंग नाही, नुकसानभरपाई नाही; नाव कोणाचे, एवढाच प्रश्न. प्रश्न लहान केला म्हणून उत्तर लवकर मिळाले. आपल्याकडे 'डॉट इन' या नावांसाठीही अशीच लवादाची व्यवस्था आहे.

दुसरा प्रश्न नाव धुण्याचा. याला कंपनी उत्तर देऊ शकत नाही, आणि पुष्कळदा न्यायाधीशही देऊ शकत नाही. खोटे खाते बंद झाले म्हणजे वाचणाऱ्यांच्या मनातले शब्द पुसले जात नाहीत. येथे नियम एकच : ज्या माणसांपुढे नाव गेले, त्यांच्याचपुढे ते परत आले पाहिजे. मजकूर ज्या गटांत फिरला त्याच गटांत खुलासा गेला पाहिजे. आणि खुलासा पुरेसा नेमका हवा. 'काही गैरसमज झाला होता' असे लिहिणे म्हणजे डाग पसरविणे. 'अमुक तारखेला अमुक नावाने जे खाते निघाले ते त्यांचे नव्हते, त्यातील मजकूर त्यांचा नव्हता,' असे सरळ वाक्य हवे. आणि ज्या संस्थेने त्या मजकुरावर विसंबून काही कारवाई केली असेल, तिने ती कारवाई तेवढ्याच जाहीरपणे मागे घेतली पाहिजे.

आता तिसरा प्रश्न, हे करणाऱ्या माणसाचा. खाते कोणी उघडले हे कंपनी खाजगी माणसाला सांगत नाही. पण पुष्कळ प्रकरणांत तोतया हा सातासमुद्रापलीकडचा नसतो. तो भाऊबंदकीतला, शेजारचा, वर्गातला, पाळीवरचा असतो. आमच्या प्रकरणात त्या खात्याचे पहिले मित्र सगळे एकाच गल्लीतले निघाले, आणि मजकुरात एका मुकादमाचे असे टोपणनाव होते की जे त्या पाळीबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. शेवटी एका कामगाराचा एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतःच वडिलांना घेऊन आला. पोत्यांच्या मोजणीवरून झालेल्या भांडणात आमच्या हमालदादांनी त्याच्या वडिलांविरुद्ध साक्ष दिली होती, तो राग त्याने असा काढला होता.

आता त्याला पोलिसांत द्यावे की बैठकीत बसवावे? कायदा कडक आहे. दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणे यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-क आहे आणि संगणकाद्वारे सोंग घेऊन फसविणे यासाठी ६६-ड. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्याच कायद्याचे कलम ७७-अ न्यायालयाच्या परवानगीने काही गुन्हे आपसांत मिटविण्याची मुभा देते. अर्थात समेट हा कायद्याला अनोळखी नाही. निर्णय मात्र ज्याचे नाव चोरले गेले त्याचा. युनियनचा नव्हे, पंचांचा नव्हे. आम्ही हमालदादांना दोन्ही वाटा समजावून सांगितल्या आणि एक दिवस विचाराला दिला. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पोट्ट्याचं जीवन कायले बिघडवता? पन लिहून पाह्यजे, अन् सगळ्याइच्या समोर पाह्यजे."

जुन्या मराठी न्यायपद्धतीत पंचायतीपुढे बसण्याआधी दोन्ही पक्ष 'राजीनामा' लिहून देत. आज या शब्दाचा अर्थ नोकरी सोडण्यापुरता उरला आहे. तेव्हा त्याचा अर्थ होता राजीखुशीने पंचांचा निवाडा मानण्याचे वचन. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीला न्यायाचे मुख्य साधन म्हटले आहे. आपल्याच काळात, १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्या मुळाशी हाच विचार होता.

समेटाच्या लेखात काय असावे, ते आमच्या अनुभवावरून सांगतो. कोणते खाते, कोणत्या तारखा, कोणता मजकूर, याची कबुली. तो मजकूर ज्यांच्यापर्यंत गेला त्या प्रत्येक ठिकाणी माफीपत्र. त्या माणसाची छायाचित्रे आपल्या फोनमधून काढल्याचे आणि पुन्हा असे न करण्याचे वचन. झालेला खर्च असल्यास तो. आणि हे मोडल्यास फिर्याद देण्याचा हक्क शाबूत असल्याचे वाक्य. दोन्हीकडच्या सह्या, दोन साक्षीदार आणि प्रत्येकाला एक प्रत. अधिक पक्के हवे असेल तर अमरावती आणि अकोला येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे लोकअदालतीतील तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तेथे वकिलाची मदत विनामूल्य मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कोणी आपल्या खात्यातच शिरून नुकसान केले असेल, तर आणखी एक दार आहे. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे कायद्याने निवाडा अधिकारी असतात आणि पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे ऐकतात. पुण्यातील एका उद्योजकाला बनावट ई-पत्राने फसवून त्याच्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम वळविली गेली. २०१३ साली या अधिकाऱ्यांनी संबंधित बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. बनावट पत्राला उत्तर देण्यात उद्योजकाची चूक होती, पण बँकेची दक्षताही अपुरी होती, म्हणून भार वाटला गेला. दिवाणी कोर्टात न जाता झालेला हा महाराष्ट्रातला निवाडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. समेटाचे गोडवे गाणाऱ्याने समेटाच्या मर्यादा लपविल्या, तर तो दलाल ठरतो.

तोतया खात्याने पैसे मागितले किंवा घेतले असतील, तर बैठक घेत बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडविणे हाच एक उपाय असतो. पीडित स्त्री असेल किंवा अठरा वर्षांखालील मूल असेल, तर कायद्यानेच आपसांत मिटविण्याची वाट बंद केली आहे. वर सांगितलेल्या ७७-अ कलमात तो अपवाद स्पष्ट घातलेला आहे. तो अपवाद योग्यच आहे. मुलीच्या नावाने घाणेरडे खाते उघडायचे आणि मग दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी 'अब्रूचा प्रश्न' म्हणून तिलाच गप्प बसवायचे, याला समेट म्हणत नाहीत. अशा वेळी राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार गेलीच पाहिजे.

त्याचप्रमाणे पंचांनी आपण पोलीस नाही हे विसरू नये. कोणाचा फोन हिसकावून घेणे, संकेतशब्द मागणे, मारून कबुली घेणे, हे सारे गुन्हे आहेत. 'एवढे पैसे दे, नाहीतर फिर्याद देतो' हे बोलणे खंडणीत जाते. गंभीर गुन्ह्याची फिर्याद दाबण्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही. आणि जातपंचायतीसारखे वाळीत टाकण्याचे हत्यार उपसले, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. पण पाचांनी आपली पायरी ओळखली तरच.

शेवटची मर्यादा आपल्या दोन्ही शहरांनी सोसलेली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्यात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल उसळली आणि एका माणसाचा जीव गेला. ही तोतया खात्यांची प्रकरणे होती असे मी म्हणत नाही. पण नुसत्या मजकुरावर शहर किती लवकर पेटते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. उद्या कोणी एका समाजाच्या माणसाचे नाव घेऊन दुसऱ्या समाजाविरुद्ध लिहिले, तर बैठकीला वेळ मिळणार नाही. तेव्हा आधी पोलिसांना कळवावे, आणि मोहल्ल्यातल्या जाणत्या माणसांनी त्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहावे. 'हे त्याने लिहिलेले नाही' हे सांगणारी चार माणसे वेळेवर मिळणे, यावर अशा वेळी एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

आमच्या प्रकरणाचा शेवट सांगून थांबतो. त्या मुलाने फाटकावरच्या सभेत माफीपत्र वाचले आणि प्रत्येक गटात टाकले. आमची चुकीची नोटीस तीन दिवस फळ्यावर होती. ती मागे घेतल्याची नोटीस आम्ही तीस दिवस ठेवली, तीही माझ्याच सहीने. हमालदादा समितीवर परत आले आणि बोनसच्या करारावर त्यांचा अंगठा नव्हे, सही आहे. पण पूर्वी पोत्यांच्या हिशेबावरून ते मला टेबलावर सर्वांदेखत टोकायचे, ते टोकणे थांबले ते थांबलेच. मुलाने केलेला अन्याय कागदावर मिटला. आम्ही केलेला मिटला की नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

म्हणून एवढेच मागणे आहे. ओळखीच्या माणसाच्या नावाने काही विपरीत वाचनात आले, तर ते पुढे धाडण्याआधी त्याला एक फोन करा, किंवा त्याच्या घरी जा. मी अकोल्यात राहून अकोल्यातल्याच माणसाच्या घरी गेलो नाही. सायकलवर दहा मिनिटांचे अंतर होते.